आकाशपाळणा आणि मानवी हृदय

म्हैसूरच्या राजवाड्याच्या पूर्वेस नजरबाद हा शहराचा एक जुना विभाग आहे. सुमारे १७८७ साली टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याच्याच दगडांनी येथील उंचवट्यावर नवा किल्ला बांधावयास घेतला आणि त्यास नजरबाद हे नाव दिले. १७९९ साली टिपूचा अंत झाला व तेच दगड पुन्हा उचलून म्हैसूरच्या बांधकामासाठी नेण्यात आले. किल्ला राहिला नाही, नाव मात्र राहिले. आज या नावाभोवती युद्धाची नव्हे, तर करमणुकीची स्थळे आहेत. १८९२ साली चामराजेंद्र वडियार यांच्या कारकीर्दीत स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय येथून जवळच आहे. त्याला लागून कारंजी तलाव आहे. राजवाड्यासमोरच्या दोड्डकेरे मैदानावर दसऱ्याचे प्रदर्शन भरते. या प्रदर्शनाची परंपरा १८८० सालापासूनची आहे आणि आकाशपाळणे व फिरती चक्रे हा त्यातील बालगोपाळांच्या विशेष आवडीचा भाग असतो. दक्षिणेस चामुंडी टेकडी उभी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकास, कृष्णराजसागर धरणाच्या वाटेवर, मेटगळ्ळी येथे यांत्रिक खेळांचे आधुनिक उद्यानही आहे.

सुटीच्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, पुणे अशा ठिकाणांहून अनेक कुटुंबे व शाळांच्या सहली म्हैसूरला जातात. अशा प्रत्येक मेळाव्यात एखादी तरी व्यक्ती अशी असते की, जिच्या बाबतीत घरात आधीच कुजबुज झालेली असते. आजोबांना दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. एखाद्या मुलीच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होते व ते शस्त्रक्रियेने बुजविले आहे. एखादा मुलगा चाकाच्या खुर्चीवर बसूनच हिंडू शकतो. अशा व्यक्तीविषयी दोन प्रकारचे निर्णय घेतले जातात. पहिला निर्णय तिला घरी ठेवण्याचा. दुसरा निर्णय तिने स्वतः घेतलेला असतो, तो म्हणजे आपला आजार लपवून सर्वांबरोबर पाळण्यात बसण्याचा. वरवर पाहता हे निर्णय परस्परविरुद्ध दिसतात. परंतु पहिल्याच्या भीतीतून दुसरा जन्मास येतो. आजार सांगितला तर आपल्याला वगळतील, असे ज्याला वाटते, तो आजार सांगत नाही. यास्तव कोणता खेळ शरीराकडून नेमके काय मागतो आणि कोणते शरीर काय देऊ शकते, याचे ज्ञान हाच या दोन्ही चुकांवरील उपाय होय.

हृदयाचा हिशेब

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरात खेळविते. नाडीचे ठोके मिनिटाला ७५ धरले, तर प्रत्येक ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातील सुमारे ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावलेले असते व उरलेला ०.५ सेकंद ते शिथिल असते. ही शिथिलता म्हणजे निव्वळ विसावा नव्हे. हृदयाच्या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्या पृष्ठभागावरील बारीक रोहिण्यांतून येते आणि मुख्यतः हृदय शिथिल असतानाच स्नायूत शिरते. कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच या रोहिण्यांच्या शाखा आवळून धरतो.

आता ठोके मिनिटाला १५० झाले अशी कल्पना करावी. प्रत्येक ठोक्याला केवळ ०.४ सेकंद उरतो आणि शिथिलतेचा काळ सुमारे ०.२ सेकंदावर येतो. पूर्वी मिनिटातील साडेसदतीस सेकंद स्नायूला रक्त मिळत होते, ते आता तीस सेकंदच मिळते. आणि काम मात्र पुष्कळ वाढलेले असते. निरोगी माणसाच्या रोहिण्या अशा वेळी रुंदावतात व ही तूट सहज भरून काढतात. ज्याच्या रोहिण्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या आहेत, त्याला ते साधत नाही. छातीत दाटून येणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ येणे, दम लागणे ही त्या तुटीची चिन्हे होत. हृदयरोग्याने आपल्या नाडीवर लक्ष ठेवावे असे वैद्य सांगतात, त्याचे मर्म या साध्या भागाकारात आहे.

फिरत्या यंत्रांचे गणित

१८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्याला ३६ खोल्या होत्या आणि प्रत्येकीत ६० माणसे मावत. जत्रेतील आकाशपाळणा हा त्याच जातीचा. पाळण्याची त्रिज्या १५ मीटर असेल व एका फेरीला २० सेकंद लागत असतील, तर त्यातील माणसाच्या अंगावर पडणारा जादा भार त्याच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के भरतो. खाली येताना तो तेवढा जड होतो व वर असताना तेवढाच हलका. दोन मजले जिना चढताना शरीरावर जो ताण पडतो, त्यामानाने हा ताण किरकोळ आहे. अर्थात, आकाशपाळण्यात शरीराला खरा जाच होतो तो उंचीच्या भीतीचा, वेगाचा नव्हे.

रोलर कोस्टरची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातील मोठा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून घर्षण सोडून वस्तू खाली आली, तर तिचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे तासाला सुमारे १०० किलोमीटर होतो. या वेगात गाडी वळणावरून वा उभ्या कड्यातून जाते, तेव्हा माणसाला स्वतःचे वजन अनेक पटींनी वाढल्यासारखे वाटते.

उभ्या कड्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. कडे पूर्ण वर्तुळाकार असेल आणि गाडी शिखरावरून जेमतेम सुटत असेल, तर गणिताने असे सिद्ध होते की, तळाशी प्रवाशाचा भार त्याच्या वजनाच्या सहापट असतो. कड्याची त्रिज्या लहान असो की मोठी, हा आकडा बदलत नाही. १८९५ साली न्यूयॉर्कजवळील कोनी बेटावर असे वर्तुळाकार कडे असलेली गाडी चालविण्यात आली. तिच्या धक्क्यांनी प्रवाशांच्या माना दुखावत व लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. पुढे १९७६ साली वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कड्याला वर्तुळाऐवजी उलट्या थेंबाचा आकार दिला. तळाशी वळण सावकाश, माथ्याशी घट्ट. परिणामी तळाचा भार पुष्कळ कमी झाला. आजची उभी कडी याच तत्त्वावर बांधलेली असतात. खेळ सुरक्षित होतो तो सूचनाफलकाने नव्हे, प्रथम आराखड्याने होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

या भाराचा रक्ताशी संबंध असा. हृदयापासून मेंदूपर्यंतचे उभे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर असते. एवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरइतका असतो. हृदयाशी रक्तदाब १२० असेल, तर बसलेल्या माणसाच्या मेंदूशी तो ९७ च्या आसपास असतो. भार तिप्पट झाला की तीच घट ६९ होते व मेंदूशी सुमारे ५१ उरतात. भार पाचपट होऊन टिकला, तर मेंदूशी दाब जवळजवळ शून्यावर येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उद्यानातील खेळांत असा मोठा भार एखादा-दुसरा सेकंदच टिकतो, म्हणून निरोगी माणसाची शुद्ध हरपत नाही. मात्र ज्याची महारोहिणीची झडप अरुंद आहे, ज्याच्या हृदयाचे स्नायू रोगाने जाड झाले आहेत, किंवा जो रक्तदाब उतरविणारी औषधे घेतो, त्याच्या शरीरास ही चढउतार सावरण्यास वेळ लागतो. आणि नेमका वेळच येथे नसतो.

भीतीचा वाटा

जर्मनीतील मॅनहाइम येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या वैद्यांनी या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास करून २००७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ५५ निरोगी स्वयंसेवकांच्या छातीवर हृदयाचा आलेख काढणारी लहान यंत्रे बांधली व त्यांना तासाला १२० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या रोलर कोस्टरमध्ये बसविले. फेरी सुमारे दोन मिनिटांची होती. प्रारंभी त्यांच्या नाडीचे ठोके सरासरी मिनिटाला ९१ होते. फेरीत ते सरासरी १५३ पर्यंत चढले. हे सर्व जण खुर्चीवर स्वस्थ बसलेले होते, त्यांचे पाय हलले नव्हते. धावण्याने जे होते ते येथे प्रामुख्याने मनाच्या क्षोभाने झाले.

भीतीच्या क्षणी मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात सुटते. ते ठोके वाढविते, रक्तदाब चढविते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढविते. रानात वाघापासून पळणाऱ्या आदिमानवाला ही सिद्धता उपकारक होती. पळून त्याचे स्नायू ती खर्ची घालीत. पाळण्यात पट्ट्याने जखडलेल्या माणसाला ती खर्ची घालता येत नाही. काही जणांच्या हृदयाच्या विद्युत्-रचनेत जन्मजात दोष असतो. अशांच्या बाबतीत एखादा मोठा आवाज वा अकस्मात बसलेला दचकाही ठोक्यांची लय बिघडवू शकतो. त्यांच्यासाठी अंधाऱ्या भूतघराचा खेळ हा वेगवान गाडीइतकाच विचार करण्याजोगा असतो. मॅनहाइमच्या वैद्यांचा निष्कर्षही याच दिशेचा होता. निरोगी तरुणांना त्यांना विशेष धोका आढळला नाही. परंतु ज्यांना हृदयरोग असल्याचे निश्चित झाले आहे, ज्यांना झटका येऊन गेला आहे वा ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी अशा गाड्यांपासून दूर राहावे, असे त्यांचे मत पडले.

तेव्हा हृदयरोग्यापुरता नियम स्पष्ट आहे. वेगवान, उलटेपालटे करणारे, उंचीवरून सोडून देणारे आणि दचकविणारे खेळ वर्ज्य करावेत. संथ नौका, लहान आगगाडी, प्राणिसंग्रहालयातील फेरी, बागा, कारंजी व प्रदर्शनातील दालने यांचा आनंद बहुतेकांनी घ्यावा. या दोहोंमधील खेळांविषयी ज्याने त्याने आपल्या वैद्याचा सल्ला घ्यावा. पेसमेकर असलेल्याने आणखी एक दक्षता घ्यावी. प्रबळ चुंबकांवर चालणारी यंत्रे व छातीवर दाबून बसणारे अडसर यांपासून दूर राहावे आणि आपल्या यंत्राची माहिती देणारे कार्ड जवळ बाळगावे. रक्त पातळ राखणारी औषधे घेणाऱ्यास डोके हादरल्याने अंतर्गत रक्तस्राव होण्याचे भय अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे.

पायऱ्या, ऊन आणि गर्दी

यांत्रिक खेळ टाळले म्हणजे सर्व झाले, असे मानणे चूक ठरेल. सहलीत हृदयावर ताण पडतो तो बहुधा ज्याला कोणी धोका म्हणत नाही अशा गोष्टींनी: चालण्याने, चढण्याने, उन्हाने व उपासमारीने.

म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय दीडशेहून अधिक एकरांवर पसरलेले आहे. सर्व भाग पाहावयाचे तर दोन-तीन तासांची पायपीट घडते. तेथे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची सोय आहे. ज्येष्ठांनी व हृदयरोग्यांनी तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये. संग्रहालय सामान्यतः मंगळवारी बंद असते, म्हणून आखणी करताना तो दिवस टाळावा. नाहीतर बंद दारापर्यंत केलेली चाल व्यर्थ जाते.

चामुंडी टेकडीवर चढण्यास सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांच्या काळात बांधलेल्या सुमारे एक हजार पायऱ्या आहेत. वाटेत एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी बसलेला आहे. टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६० मीटर, तर शहर सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते, असे नाही. हवेची अडचण तेथे कोणाला भासत नाही. अडचण भासते ती स्वतःचे वजन उचलून वर नेण्याची. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तीनशे मीटर चढतो, तेव्हा तो जणू साठ किलोंचे पोते शंभर मजली इमारतीच्या गच्चीवर पोहोचवितो. जेजुरीच्या वा सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणाऱ्यांना हा अनुभव परिचित आहे. श्रद्धेने पाऊल पुढे पडते. हृदयाचा हिशेब मात्र बदलत नाही. माथ्यावर व नंदीपाशी मोटारीचा रस्ता जातो. ज्याला सपाटीवर वेगाने चालता वा दोन मजले जिना चढता दम लागतो वा छाती दुखते, त्याने त्या रस्त्यानेच जावे. देवीचे दर्शन दोन्ही वाटांनी सारखेच घडते.

चालताना परिश्रम मोजण्याची एक सोपी रीत आहे. शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता येते पण गाता येत नाही, तेथवर परिश्रम मध्यम समजावा. वाक्य तुटू लागले की थांबावे. उन्हात त्वचा थंड राखण्यासाठी हृदयाला तिच्याकडे जादा रक्त धाडावे लागते. म्हणून तेच अंतर दुपारी अधिक जड जाते. लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी व क्षार लवकर कमी होतात. त्यांनी पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वीच वैद्याला विचारून ठेवावे, कारण काही हृदयरोग्यांना पाणी मोजूनच घ्यावयाचे असते. भरपेट जेवणानंतर लगेच चढण वा खेळ नको. पाण्याच्या उद्यानात गार पाण्यात एकदम उडी घेतल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब उसळतो. पाण्यात पायरीपायरीने उतरावे.

दसऱ्याची गर्दी हा स्वतंत्र विषय आहे. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत निघणाऱ्या मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यांवरून रुग्णाला बाहेर काढणे कठीण असते. अशा दिवशी बसण्याची राखीव जागा आधी मिळवावी, अन्यथा गर्दी नसलेला दिवस निवडावा.

दिव्यांग व्यक्ती आणि खेळांची रचना

अपंगत्वाच्या बाबतीत विचाराची दिशा किंचित बदलते. येथे बहुधा हृदय धडधाकट असते. प्रश्न शरीर आणि यंत्र यांच्या मेळाचा असतो. वेगवान खेळातील अडसर असे गृहीत धरतो की, प्रवाशाचे धड ताठ राहील, पाय जागेवर टेकतील आणि हात दांडी पकडतील. ज्याचा पाय मांडीपासून नाही, त्याच्या मांडीवर अडसराची पकड बसत नाही व तो त्याखालून निसटू शकतो. ज्याच्या मानेचे स्नायू दुर्बल आहेत, त्याची मान झटक्याने दुखावते. डाउन लक्षणसमूह असलेल्या काही मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके सैल असतात. अशांना हादरे देणारे खेळ वैद्याने तपासल्याखेरीज खेळू देऊ नयेत. फेफऱ्याचा विकार असलेल्यांपैकी काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येतो. अशी कारणे असतील तेथे नकार हा अपमान नसून यंत्राची मर्यादा आहे, आणि चालकाने ती तशीच समजावून सांगितली पाहिजे.

परंतु कारणाशिवाय दिलेला नकार हा अन्याय होय. आंधळ्या मुलाला झोक्याचा आनंद डोळस मुलाइतकाच होतो. त्याला खेळाचे स्वरूप आधी शब्दांनी सांगावे व आसनाची रचना हाताने चाचपून पाहू द्यावी, एवढेच पुरते. बहिऱ्या व्यक्तीला ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकू येत नाहीत, म्हणून त्या चित्रांनी व लेखी स्वरूपात लावाव्यात आणि थांबण्याची खूण हाताने ठरवून घ्यावी. १९६६ सालापासून म्हैसूरमध्येच अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था कार्य करीत आहे. ऐकण्याच्या व बोलण्याच्या अडचणींचा शास्त्रीय अभ्यास ज्या नगरात होतो, तेथील बागांतून अशा खुणा सर्वत्र दिसाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी तर अडचण खेळाच्या आधीच, दाराशी सुरू होते. उतार सुखकर होण्यासाठी प्रत्येक एक भाग उंचीस किमान बारा भाग लांबी असावी, असे प्रमाण सर्वमान्य आहे. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या ओट्यासाठी ३ मीटर ६० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. अनेक ठिकाणी फळी टाकून केलेला तीव्र उतार दाखविला जातो; तो वर ढकलणाऱ्याची परीक्षा पाहतो व खाली येणाऱ्याचा जीव धोक्यात घालतो. खुर्चीवरील व्यक्तीला पाळण्यात बसविण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: वीज गेली व यंत्र मध्येच उंचावर थांबले, तर तिला खाली कसे आणणार? उत्तर तयार असेल तर बसवावे. नसेल तर ते तयार करणे ही यंत्रचालकाची जबाबदारी आहे.

भारताच्या संसदेने संमत केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, हा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत आणि सांस्कृतिक जीवनाबरोबरच करमणुकीतही समान सहभागाचा उल्लेख आहे. करमणूक ही चैन आहे व ती धडधाकटांनंतर इतरांस मिळावी, ही समजूत या कायद्याने मोडीत काढली आहे.

पूर्वतयारी आणि प्रसंगावधान

प्रवासास निघण्यापूर्वी हृदयरोग्याने वैद्याला भेटून तीन प्रश्न विचारावेत: किती चालावे, काय टाळावे आणि त्रास झाल्यास प्रथम कोणते औषध घ्यावे. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी हाती राहते. जिभेखाली ठेवावयाची गोळी वैद्याने दिली असल्यास ती खिशात असावी, निवासावरच्या पेटीत नसावी. आणि ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरतो. आजाराचे नाव, औषधांची यादी व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला एक कागद जवळ बाळगावा. सोबतच्या किमान एका व्यक्तीला हे सर्व ठाऊक असावे.

छातीत दाब, घाम, मळमळ, धाप वा जबड्यापर्यंत जाणारी कळ जाणवल्यास ती अपचनाची समजून वेळ दवडू नये. रुग्णास बसवावे, चालवू नये, आणि १०८ वा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. म्हैसूरमध्ये श्री जयदेव हृदयरोग संस्थेचे रुग्णालय आहे. निवासापासून ते किती दूर आहे, हे पहिल्या दिवशीच पाहून ठेवावे. रुग्ण बेशुद्ध पडला व त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर जवळच्या माणसाने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. हे कौशल्य एका दुपारी शिकता येते. प्रत्येक शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना ते शिकविले, तर कोणत्याही जत्रेत मदतीचा हात शोधावा लागणार नाही.

शाळांसाठी

सहलीची आखणी करणाऱ्या शिक्षकांनी पालकांना केवळ संमतिपत्र पाठवू नये. मुलाला कोणता आजार आहे, वैद्याने काय करण्यास मोकळीक दिली आहे व काय वर्ज्य केले आहे, हे विचारावे आणि मिळालेली माहिती वर्गात उघड करू नये. ज्या मुलीच्या हृदयाचे छिद्र बालपणी बुजविले गेले, तिला अनेकदा कोणतेही बंधन राहिलेले नसते. तिचे नाव सहलीच्या यादीतून गाळणे हे तिच्या शरीराची नव्हे, तर मोठ्यांच्या अज्ञानाची परीक्षा असते. ज्या मुलाला खरोखरच बंधन आहे, त्याला मोठा पाळणा सोडावा लागेल. पण त्या वेळी त्याला बाकावर एकटे बसवून इतरांची पादत्राणे राखावयास सांगू नये. दोन-तीन सोबत्यांसह त्याला कारंजी तलावाकाठी पक्षी पाहावयास न्यावे. तेथील पाणपक्ष्यांचे थवे पाहून परतलेल्या मुलांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते ऐकण्यास पाळण्यावरून उतरलेली मुले आपण होऊन जमतात.